आल्टडॉर्फचा हाइस्टर आणि मोतीबिंदूची सुई

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आपली पोरं पित्ताशयाच्या नळीतली ‘हाइस्टरची झडप’ घोकतात, तो हाइस्टर जर्मनीचा. लोरेन्झ हाइस्टर, जन्म १६८३, फ्रँकफर्ट. डच सैन्याच्या इस्पितळांत शस्त्रक्रिया करून हात बसला, मग न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फला शरीररचनेचा प्राध्यापक, आणि १७२० पासून हेल्मश्टेटला. दोन्ही विद्यापीठं नेपोलियनच्या काळात बंद पडली. १७१९ चा त्याचा शस्त्रक्रियेचा ग्रंथ मुद्दाम जर्मन भाषेत आहे. तेव्हा चाकू हाती धरून शस्त्रक्रिया करणाऱ्या न्हाव्यांना लॅटिन कुठून येणार?

पण त्याचं खरं मोठेपण मोतीबिंदूत आहे. त्या काळी समज असा, की मोतीबिंदू म्हणजे बाहुली आणि डोळ्यातलं भिंग यांच्यामध्ये साकळलेला पडदा. दृष्टी भिंगात असते असंही मानत, त्यामुळे भिंग हललं की माणूस आंधळा होणार. शस्त्रक्रिया मात्र सर्रास चालायची. रोग्याला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, मदतनिसाने मागून डोकं घट्ट धरायचं, बुबुळाच्या जरा बाहेर, पांढऱ्या भागात सुई घालायची, तो ‘पडदा’ खाली दाबायचा आणि थोडा वेळ दाबूनच ठेवायचा. घाई केली तर तो पुन्हा वर येई. डोळ्यात पू झाला, तर होती तेवढी नजरही जाई.

हाइस्टरने मोतीबिंदू झालेल्या मृतांचे डोळे कापून पाहिले. पडदा नाहीच, गढूळ झालंय ते भिंगच! म्हणजे सुईखाली इतकी शतकं भिंगच दबत होतं, आणि तरी लोकांना दिसत होतं. ब्रिसो आणि मेत्र-जाँ हे फ्रेंच वैद्यही तेच सांगत होते, पण पॅरिसमधला नामांकित नेत्रवैद्य वूलहाउस काही केल्या मानेना. हाइस्टरने १७१३ मध्ये यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वाद नेटाने लढवला. पुढे दाविएल या फ्रेंच शल्यवैद्याने गढूळ भिंग सरळ बाहेरच काढलं.

हीच सुई सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, म्हणजे शेवटच्या भागात आहे, जवासारख्या टोकाची. नंतर तुपाचा बोळा, उताणं निजवणं, आणि शिंक, खोकला, ढेकर वर्ज्य. वैद्यकाच्या इतिहासाच्या गप्पांत सुश्रुताची एका वाक्यात बोळवण होते, ते मला सहन होत नाही. प्रेत पाण्यात सात रात्री कुजवून थर कुंच्याने खरवडण्याची रीतही त्याचीच. त्या रीतीत भिंगासारखी नाजूक चीज टिकणं कठीण, म्हणून गढूळपणा नेमका कुठे आहे हे आपल्या वैद्यांना दिसलं नसावं. त्यांची नजर कमी पडली, असं मी तरी म्हणणार नाही.