दहाचे तेरा

मार्च 2022 चा दुसरा आठवडा. एअर फ्रेटच्या ऑफिसात माझ्याकडे थंड माल असतो: लशी, रसायनं, प्रयोगशाळेचे नमुने. त्या दिवशी टोकियोहून फिनलंडमधल्या हेलसिंकीला नमुन्यांचा एक खोका पाठवायचा होता. आत 2 ते 8 अंश तापमान 24 तास टिकेल, ही पॅकिंगवाल्यांची हमी. विमान सुटण्याआधीचे पाच तास, प्रवासाचे दहा, उतरल्यावर कस्टम आणि रस्ता धरून पाच. वीस झाले, चार हातात राहिले. क्लायंटच्या बाईंना फोनवर तसं सांगूनही टाकलं.

ते दहा तास माझ्याच एक्सेलमधले. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश टाकले की शीट पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर काढते, वेगाने भागते, चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवते. टोकियो–हेलसिंकी सुमारे 7,800 किलोमीटर. मला या शीटचा जरा गर्वच होता.

बुकिंग आलं तेव्हा उतरायची वेळ काही जुळेना. दोन्ही शहरांच्या घड्याळांत सात तासांचं अंतर, युरोपात उन्हाळी वेळ अजून लागलेली नव्हती. पुन्हा वजाबाकी केली. तेरा तास. तिसऱ्यांदाही तेराच.

शेजारच्या टेबलावर ऑफिसातले सर्वांत जुने गृहस्थ बसतात, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी स्क्रीनकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "अरे, रशिया बंद आहे ना!"

बातमी मीही वाचली होती. 28 फेब्रुवारीला रशियाने युरोपातल्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. पण ती बातमी आणि माझा खोका डोक्यात एका जागी आले नव्हते. शीटने काढलेला जवळचा रस्ता बहुतेक सगळा रशियावरून जातो. आता विमान टोकियोहून ईशान्येला निघून रशिया आणि अलास्कामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीकडून वर चढणार आणि उत्तर ध्रुवावरून पलीकडे उतरणार. कझाकस्तान-चीनवरून दक्षिणेची वाट होती, पण पश्चिमेला येताना तिथे वारा समोरून लागतो.

काकांना याचं काहीच नवल नव्हतं. "1983 ला फिनएअरने हेलसिंकी–टोकियो थेट सुरू केलं ना, ते ध्रुवावरूनच. तेव्हाही खालचं आकाश बंद होतं, सोव्हिएतचं. त्याआधी तर कितीतरी विमानं अलास्कात अँकरेजला तेल भरायला उतरायची." मग चहा येईपर्यंत अँकरेजच चाललं होतं.

माझ्या हातात मात्र एकच तास उरला होता. कस्टमला एखादा कागद अडला की संपलं. बाईंना पुन्हा फोन लावला.

"म्हणजे अंतर वाढलं का?"

"नाही, अंतर तेवढंच आहे," मी म्हणालो, आणि बोलल्याबरोबर जीभ चावली.

शेवटी 72 तासांचा खोका मागवला. तो जड, भाडं जास्त. शिवाय विमान रोज नव्हतं, दोन दिवस थांबावं लागलं. बाईंनी दोन्ही गोष्टी ऐकवल्या, आणि ते बरोबरच होतं. माल पोचल्यावर तापमापकाची नोंद आली: सर्वांत जास्त 5.4 अंश.

शीटमधला प्रवासाचा रकाना मी त्याच संध्याकाळी रिकामा केला. आता तो हाताने भरतो, विमानाचं वेळापत्रक उघडून.

ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र फिनएअर त्या विमानातल्या प्रवाशांना देत होती, हे नंतर कळलं. काका म्हणाले, "खोक्याचंही मागून घ्यायचं होतंस."