मिशनची भिंत पांढरी नसते

कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी, म्हणजे स्पॅनिश ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या वसाहतींपैकी, पहिलं १७६९ मध्ये सान दिएगोला उभं राहिलं, शेवटचं १८२३ मध्ये सोनोमाला. चित्रकार एडविन डीकिनने ती सगळी रंगवली, तीही तीन वेळा: दोन संच तैलरंगात, एक जलरंगात. त्याने रंगवली तेव्हा बरीच मिशनं ढासळत होती. माती आणि गवताच्या कच्च्या विटा, वर चुन्याचा गिलावा. कौलं गेली की पावसात भिंत विरघळणारच. म्हणून तिच्या कडा गोलसर, किंचित पोट सुटलेल्या असतात. चित्रात पट्टी लावून रेघ मारली की तो सगळा जुनेपणा जातो.

जलरंगात पाव शीट, म्हणजे पूर्ण कागदाचा चौथा भाग, आणि ३०० जीएसएमचा जाड कागद पुरे. उन्हातल्या भिंतीवर आधी यलो ऑकरचा (मातकट पिवळा) अगदी पातळ हात फिरवा. कोरा कागद फक्त भिंतीच्या माथ्यावर राखा. सावलीची कड मात्र पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने पक्की करा आणि मग ऊन सरकलं तरी ती बदलू नका. चित्र बिघडतं ते बहुतेक इथेच, कारण दोन वेळांच्या सावल्या एकत्र येतात.

सावलीला निळ्या अल्ट्रामरीनमध्ये थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. एकाच हातात वरून खाली या आणि वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, ओला असतानाच तळाशी ऑकर सोडा. कोरड्या जमिनीवरून उडालेला उजेड तिथे भिंतीला ऊब देतो. कमानीतही तेच होतं: तिचा आतला पोटाकडचा भाग मागच्या ओवरीपेक्षा उजळ दिसतो. ही जाडी दाखवली नाही तर कमान पुठ्ठ्यातून कापल्यासारखी वाटते. अर्धवट वाळलेल्या वॉशवर पुन्हा ब्रश नेलात तर डाग उमटतो, तो जात नाही.

सान हुआन कॅपिस्ट्रानो मिशनचं दगडी चर्च वेगळं. ८ डिसेंबर १८१२ च्या भूकंपात ते प्रार्थना चालू असताना कोसळलं, सुमारे ४० माणसं गेली. तिथे कडा तुटक, धारदार हव्यात.

तिथली बाग आणि बोगनवेल मात्र मागाहूनची. मिशनच्या काळात त्या अंगणात कातडी कमावणं, चरबी वितळवणं, विणकाम चालायचं. राबायचे ते तिथले मूळ रहिवासी अहाचेमेन लोक, आणि बाप्तिस्मा झाल्यावर त्यांना मिशन सोडून जायची मुभा नव्हती. जुना काळ रंगवायचा असेल तर फुलं वगळा, अंगण मातीचं ठेवा आणि त्यात काम करणारी माणसं दाखवा.