फेझंट जंगलात सोडण्याआधी

इंग्लंडमध्ये फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. उरलेले आठ महिने बंदुका कपाटात असल्या, तरी शिकारीचे रान सांभाळणाऱ्या कीपरला उसंत अशी मिळतच नाही. हंगाम संपताच उरलेले पक्षी पकडून अंड्यांसाठी ठेवायचे किंवा शिकारीचे पक्षी वाढवणाऱ्या गेम फार्मकडे पिल्लांची मागणी नोंदवायची, एप्रिलपासून येणारी अंडी साधारण चोवीस दिवस उबवायची, मे-जूनमध्ये पिल्ले ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली वाढवायची आणि ती सहा-सात आठवड्यांची झाली की जंगलातल्या जाळीच्या मोठ्या कुंपणात, म्हणजे रिलीज पेनमध्ये, सोडायची, असा हा क्रम असतो. ब्रिटनमध्ये दरवर्षी काही कोटी फेझंट या वाटेने रानात जातात.

या साखळीत मी पशुवैद्य म्हणून येतो. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मी काही वर्षे पुणे-नगर पट्ट्यातल्या ब्रॉयलर फार्मवर काम केले, त्यानंतर इथली परीक्षा दिली आणि श्रॉपशायरमध्ये स्थिरावलो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा एवढेच ठाऊक असलेल्या देशातून आलेला माणूस हे काम कसे करतो, असे घरचेही विचारतात आणि इथलेही. नोव्हेंबरमध्ये त्याचे काय होणार आहे याचा विचार करून जूनमधले पिल्लू कमी आजारी पडत नाही, एवढेच माझे उत्तर असते.

जूनच्या अखेरीस, सलग काही दिवस थंड पाऊस पडल्यानंतर, एका कीपरचा सकाळीच फोन आला. पाचव्या आठवड्यातली पिल्ले पंख फुलवून कोपऱ्यात उभी राहत होती, विष्ठा पाण्यासारखी पिवळट झाली होती आणि रात्रीची मरतूक अचानक वाढली होती. माझ्या मनात पहिला प्रश्न बर्ड फ्लूचा आला, कारण तशी शंका असेल तर सरकारी यंत्रणेला कळवून पक्ष्यांची हालचाल तिथल्या तिथे थांबवावी लागते. पण मान वाकडी होणे, तोल जाणे यांसारखी लक्षणे नव्हती, मरतूक हळूहळू वाढत गेली होती आणि शेजारच्या शेडमधली लहान पिल्ले ठणठणीत होती, त्यामुळे ती शंका मागे पडली. मी कीपरला एवढेच सांगितले, की मेलेली पिल्ले गोळा करून ठेवण्याची गरज नाही, मला जिवंत आणि आजारी पिल्ले हवीत.

शेडच्या दारातच अमोनियाचा वास नाकात गेला. गॅसचा हीटर चालू होता, पण पाणवठ्याखालचे लिटर, म्हणजे जमिनीवरचे अंथरूण, भिजून घट्ट झाले होते आणि पावसामुळे बाहेरच्या जाळीबंद अंगणाचाही चिखल झाला होता. एक पिल्लू उचलले तर हाताला वजनच लागेना. छातीचे हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखे टोचत होते. ब्रॉयलर या वयात विक्रीला जातो, फेझंट मात्र याच वयात अंगावर पिसे धरून उघड्यावर रात्र काढायला शिकत असतो. त्यामुळे आतड्याचा आजार त्याला ऐन गरजेच्या वेळी गाठतो.

मी चार-पाच आजारी पिल्ले निवडली, त्यांना तिथेच वेदनारहित मरण दिले आणि गाडीच्या मागच्या फळीवर उघडली. लहान आतडे फेसाळ, पातळ द्रवाने फुगलेले होते. आता घाई महत्त्वाची होती, कारण ज्या परजीवीचा मला संशय होता, पक्षी थंड होताच तो हालचाल थांबवतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख पटणे अवघड होऊन बसते. म्हणूनच मी पिल्लांच्या कामाला निघताना सूक्ष्मदर्शक गाडीतच ठेवतो. कोमट सलाइनच्या थेंबात आतड्यातला द्रव मिसळून काच ठेवली, भिंग स्थिर केले आणि शेकडो इवलेसे जीव सरळ रेषेत सुसाट धावताना दिसले. हे स्पायरोन्यूक्लियस, ज्याला कीपरमंडळी अजून हेक्झामिटा या जुन्या नावानेच ओळखतात. सोबत कॉक्सिडिया या आतड्यातल्या दुसऱ्या परजीवीची काही अंडीही होती, पण मुख्य दोषी तो नव्हे. मी कीपरलाही भिंगातून पाहायला लावले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, की ठरलेल्या दिवशी पिल्ले जंगलात न्यायची की नाही.

खरा पेच तिथेच होता. त्यांचे रिलीज पेन तयार होते: जाळी जमिनीत पुरलेली, कोल्ह्यांसाठी बाहेरून विजेची तार लावलेली, बाहेर गेलेल्या पक्ष्यांना परत आत येता यावे म्हणून जाळीच्या नरसाळ्यासारख्या वाटा केलेल्या. पिल्ले हलवायला माणसेही ठरली होती. शिकारीचे दिवस आगाऊ विकले गेले होते आणि त्या पैशांवर वर्षभराचे खाद्य उभे होते. उलट, आजारी पिल्ले तशीच पेनमध्ये नेली, तर तिथली जमीन दूषित होणार, आणि त्याच जमिनीवर त्यांना पुढच्या वर्षीही पिल्ले सोडायची होती. शिवाय एक हेक्टर पेनमध्ये हजाराहून जास्त पक्षी सोडू नयेत असा संवर्धनवाल्यांचा सल्ला असतो. त्यांचे पेन त्या मर्यादेला टेकलेले होते, म्हणजे रोग पसरायला सर्वतोपरी अनुकूल.

मी हलवणे थांबवायला सांगितले आणि त्यामागचे गणितही मांडले. मेच्या अखेरीस अंड्यातून निघालेले पिल्लू नोव्हेंबरच्या अखेरीस सहा महिन्यांचे होते आणि त्याआधीच ते पूर्ण पिसांचे, उडणारे झालेले असते. म्हणून जुलैत दहा-बारा दिवस उशीर झाला तरी शिकारीच्या दिवसापर्यंत तो भरून निघतो. खचलेला पक्षी मात्र पेनमध्ये झाडावर बसायला शिकत नाही आणि कोल्ह्याच्या तोंडी जातो. त्यांनी मालकाला फोन लावला, बोलणे कडक झाले, पण तारीख पुढे गेली.

औषधाबाबतही सावध राहावे लागले. या परजीवीवर पूर्वी हमखास चालणारे डायमेट्रिडाझोल आज वापरता येत नाही, त्यामुळे इतर वाटा शोधाव्या लागतात. मी पाण्यातून टायाम्युलिन हे प्रतिजैविक देण्याचे ठरवले, पण चिठ्ठी लिहिण्याआधी खाद्याच्या पोत्यावरचे लेबल वाचले, कारण कॉक्सिडियासाठी खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल तर हेच औषध पिल्लांना मारते. लेबलवर टायाम्युलिनसोबत चालणारे लॅसालोसिड होते, तेव्हा जीव भांड्यात पडला. मांस खाण्यायोग्य होण्यासाठी औषधानंतर थांबावयाचा काळ हंगामाच्या कितीतरी आधी संपणार होता, ही त्या दिवशीची एकमेव सोपी गोष्ट.

मग ओले लिटर काढून कोरडे तूस टाकणे, पाणवठे वर उचलणे, पाण्याच्या नळ्या धुणे आणि अशक्त पिल्ले वेगळी करणे ही कामे त्यांनी दिवस मावळेपर्यंत केली. औषधाइतकेच त्यानेही काम केले, असे माझे मत आहे. आठवडाभरात मरतूक उतरली आणि जुलैच्या उत्तरार्धात पिल्ले पेनमध्ये गेली. पुढच्या वर्षी त्यांनी ब्रूडरची शेडे शेजारच्या ताज्या कुरणावर हलवली आणि प्रत्येक शेडमध्ये पिल्ले कमी ठेवली. त्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला तो लाल पायांच्या तितरांच्या सुजलेल्या डोळ्यांबद्दल, आणि त्यासाठी मला पुन्हा वेगळ्याच तपासणीला लागावे लागले.