तुम्ही विचारलंत म्हणून: अंक वेबसाइटवर आहेत, मग आणखी जतन कशाला?

संशोधनपत्रिकांचे संपादक आणि कॉलेजांचे ग्रंथपाल हा प्रश्न हमखास विचारतात. ‘आमचे सगळे अंक पीडीएफमध्ये वेबसाइटवर आहेत. प्रत्येक लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक) घेतलाय. हार्ड डिस्कवर कॉपी आहे, गूगल ड्राइव्हवरही आहे. आता आणखी काय करायचं राहिलं?’

तुमची संस्था, वेबसाइट आणि तुम्ही स्वतः, यातलं काहीच उरलं नाही तरी वाचकाला तो लेख मिळावा आणि तो मूळचाच आहे हे त्याला तपासता यावं, एवढं राहिलं. वरच्या चारही सोयी तुमच्यावर टेकलेल्या आहेत. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की वेबसाइट बंद होते, आणि तेच नाव विकत घेऊन भलताच कोणी तुमच्या पत्रिकेच्या नावानं लेखकांकडून पैसे उकळू शकतो. ड्राइव्हचं खातं बहुधा एका संपादकाच्या नावावर असतं. सिंक चालू असेल तर इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. डीओआय हा नुसता पत्ता. त्या पत्त्यावर काही शिल्लक आहे की नाही, याची हमी तो देत नाही.

ही भीती पोकळ नाही. 2000 ते 2019 या काळात 174 मुक्त-प्रवेश (कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या) पत्रिका वेबवरून नाहीशा झाल्या, असं एका अभ्यासात मोजलं गेलं. 2024 मध्ये मार्टिन ईव्ह या संशोधकानं डीओआय असलेली सुमारे 74 लाख प्रकाशनं तपासली, तेव्हा त्यांपैकी जवळपास 28 टक्के मोठ्या जतनसंग्रहांत सापडलीच नाहीत. पीएचडीच्या प्रबंधांची स्थिती आपल्याकडे त्या मानानं बरी आहे. यूजीसीच्या 2009 च्या नियमांमुळे प्रबंधाची डिजिटल प्रत विद्यापीठाबाहेर, यूजीसीच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहात जाते. पत्रिकेतल्या लेखाच्या वाट्याला असं घर आपोआप येत नाही, ते संपादकालाच शोधावं लागतं.

मराठी पत्रिकांच्या बाबतीत सगळ्यात आधी फॉन्ट बघा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं साठलेली असतात. देवनागरी असते ती फक्त फॉन्टच्या चित्रांत. फॉन्ट गेला की उरतात ती पाच अक्षरं. युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक मिळण्याआधीच्या) काळातल्या इतर मराठी फॉन्टचीही हीच गत, फक्त प्रत्येकाची अक्षरांची जुळणी वेगळी.

म्हणून पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठी ठरवलेली पीडीएफ, करून घ्या, असा सल्ला मिळतो, आणि तो योग्यच आहे. आयएसओ 19005 हे त्याचं मानक. फॉन्ट फाइलच्या आतच असतात, पासवर्ड चालत नाही, बाहेरच्या कशावर अवलंबून राहता येत नाही. व्हेरापीडीएफ या मोफत साधनानं फाइल तपासता येते. पण इथे एक गोम आहे. मानकाच्या ‘2-यू’ पातळीला प्रत्येक अक्षराची युनिकोड जुळणी लागते. ती जुळणी आहे की नाही एवढंच साधन बघतं, ती खरी आहे का हे बघत नाही. त्यामुळे कृतिदेवची फाइल चाचणीत पास होऊ शकते आणि तरी तिच्यात ‘मराठी’ शोधलं तर काहीही सापडत नाही. खरी परीक्षा साधी आहे: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा दिसला तर त्या लेखाचं फक्त चित्र जतन झालंय, मजकूर नाही.

मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. कन्व्हर्टर आहेत, पण डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नाही. रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. मराठी लेखाच्या मधोमध इंग्रजी शब्द असतील आणि अख्खा मजकूर एकदम कन्व्हर्टरमधून काढला, तर त्या इंग्रजीचीही देवनागरी होऊन जाते. तळटीपा आणि संदर्भसूची वेगळ्या काढून तपासा, सर्वाधिक मोडतोड तिथेच होते. बदललेला मजकूर पीडीएफच्या शेजारी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मूळ पीडीएफला मात्र हात लावू नका.

जुने छापील अंक स्कॅन करत असाल तर 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके), टिफ या चित्रफाइलीत. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान कॉम्प्रेस न करता सुमारे 26 एमबी होतं, म्हणजे शंभर पानांचा अंक 2.6 जीबी. जागा वाचवायला फक्त जेपेग ठेवू नका. वेबसाइटसाठी हलकी प्रत टिफमधून केव्हाही काढता येते, उलटं होत नाही.

आता एकेका अंकाची ‘बॅग’ बांधा. बॅगइट ही फोल्डर बांधायची साधी पद्धत आहे: ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइली, आणि बाहेर एक यादी, ज्यात प्रत्येक फाइलच्या नावासमोर तिचा 64 अक्षरांचा शा-256 ठसा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणितानं काढलेली खूण. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. दर सहा महिन्यांनी ठसे पुन्हा काढून ताडून पाहा. ठसे घ्यायचे ते कॉपी करण्याआधी. कॉपी करताना फाइल बिघडली आणि ठसा नंतर घेतला, तर बिघडलेलीच फाइल कायमची ‘बरोबर’ ठरते.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या: आयएसएसएन (पत्रिकेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), वर्ष, खंड, अंक, पान. आपल्या भाषेतल्या कामाला रोमन नाव देणं जिवावर येतं, पण ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एका सांकेतांकानं किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन सांकेतांकांनी. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावं दुसऱ्या प्रकारानं साठवायची. दिसायला नाव तेच, पण यादीशी ताडताना ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप येतो.

तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं होतं, ते आठवा. एकाच इमारतीतल्या तीन कॉपी म्हणजे एकच कॉपी.

इथवरचं काम तुमच्या हातातलं. यापुढे पत्रिका दुसऱ्याच्या हाती सोपवायची. तुमची पत्रिका ओजेएस या पत्रिका चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालत असेल तर ते बनवणाऱ्या पीकेपीचं प्रिझर्वेशन नेटवर्क (जतनाची सोय) फुकट आहे. ओजेएस 3.1.2 किंवा त्यानंतरचं हवं, आयएसएसएन हवा, काहीतरी प्रकाशित झालेलं हवं. मागे लॉक्स ही व्यवस्था असते, स्टॅनफर्डमध्ये 1999 ला सुरू झालेली. वेगवेगळ्या ठिकाणची यंत्रं आपापल्या प्रती एकमेकांशी ताडतात आणि एखाद्याची प्रत बिघडली तर इतरांकडून दुरुस्त करून घेतात. पत्रिका बंद पडली तर अंक पुन्हा खुले केले जातात. मोठ्या प्रकाशकांसाठी क्लॉक्स आणि पोर्टिको हे जतनसंग्रह आहेत.

काम अडतं ते नेहमी त्याच जागी. त्या नेटवर्कचं प्लगइन (ओजेएसला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवलेलं असतं, पण अटी मान्य केल्याची खूण केलेली नसते. सर्व्हरवर ठरावीक वेळी चालणारी कामं बंद असतात, त्यामुळे अंक पुढे जातच नाहीत. किंवा पीडीएफ ओजेएसमध्ये न चढवता ड्राइव्हची लिंक दिलेली असते आणि जतन होते ती नुसती लिंक. म्हणून सहा महिन्यांनी आयएसएसएन पोर्टलवरच्या कीपर्स रजिस्ट्री या नोंदवहीत आपला क्रमांक टाकून बघा. कुठल्या संग्रहात कुठले खंड पोचलेत ते तिथे दिसतं.

सगळं एकदम होणार नसेल तर 1995 ते 2010 दरम्यानचे अंक आधी घ्या. ते पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. त्या फाइली बऱ्याचदा डीटीपी करणाऱ्याच्या घरी, सीडीवर असतात, आणि लिहिलेली सीडी फार वर्षं टिकत नाही. त्यांना या आठवड्यात फोन करा. फाइली मागाच, शिवाय कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, तेही विचारून लिहून घ्या. ती जुळणी हाती असेल तर मजकूर परत मिळवता येतो, नाहीतर पानन् पान पुन्हा टाइप करावं लागतं.