शेवटची भाकरी

खडेबाजारातल्या एका किराणा दुकानात परवा दुपारी शाळूचा भाव विचारत उभा असताना, पोत्याशेजारी ठेवलेल्या कुत्र्यांच्या खाद्याच्या चकचकीत पिशवीकडे लक्ष गेले. तिच्यावर कोंबडी, गाजर आणि हिरव्या वाटाण्यांची रसरशीत चित्रे होती. कसल्याही वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय मला पुढे सरकवत नाही; काडेपेटीदेखील मी मागून-पुढून वाचतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, आणि त्या क्रमात चित्रातली कोंबडी मका आणि तांदूळ यांच्यामागे निमूट उभी होती. शेजारच्या बाई दुकानदाराला ठणकावून सांगत होत्या, "असलं काही आमच्याकडं चालत नाही. मी रोज चिकन-भात शिजवून घालते." दुकानदाराने मान हलवली, त्याला दोन्ही विकायचे होते.

खानापूरकडच्या आमच्या घरी कुत्र्यासाठी वेगळे काही शिजत नसे. पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा आजीचा नेम. काटवटीच्या कडांना चिकटलेले पीठ खरवडून ती एक लहान, वेडीवाकडी भाकरी थापी, आणि ताकात कुस्करून परसातल्या दगडी दोणीत घाली. आमटी मात्र कधीही नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, असे आता पशुवैद्य बजावतात. आजीला त्याचा पत्ता असणे शक्यच नव्हते. आमटी माणसांनाच पुरत नसे, एवढेच तिचे शास्त्र. मटणाच्या दिवशी हाडे मिळत, आणि त्या दिवशी मोत्या दुपारपासूनच चुलीच्या दिशेने तोंड करून बसे.

चिकन-भात शिजवणाऱ्या बाईंची माया खोटी नाही, पण हिशेब सोपा नाही. अमेरिकेत २०१३ साली डेव्हिस येथील विद्यापीठातील पशुवैद्यांनी कुत्र्यांसाठीच्या घरगुती स्वयंपाकाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतील १९० मध्ये एखादे तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी भरले. हाडांवेगळे मांस आणि भात म्हटले की पहिल्यांदा कॅल्शियमच कमी पडते. पिशवीतल्या खाद्यात ही भरती आधीच मोजून घातलेली असते, हे तिचे खरे बळ. गाजराचे चित्र नव्हे.

गंमत अशी की पिशवीचे कूळही उष्ट्याचेच आहे. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ धंद्यानिमित्त लंडनला गेला असता, खलाशांनी टाकलेली जहाजावरची कडक बिस्किटे गोदीतली कुत्री खाताना त्याने पाहिली, आणि १८६० च्या सुमारास त्याने कुत्र्यांसाठी बिस्किटे करून विकायला घेतली, असे सांगतात. त्याच्याही फार आधी, शेती करणाऱ्या माणसाच्या उकिरड्याभोवती राहता राहता कुत्र्याच्या पोटाने पिष्ट पचवायची विद्या कमावली. लांडग्याच्या तुलनेत त्याच्या शरीरात त्या कामाच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हेही २०१३ मध्येच प्रसिद्ध झाले. मुधोळची ती सडपातळ शिकारी कुत्रीसुद्धा पिढ्यानपिढ्या भाकरी-दुधावर धावत आली. तेव्हा पिशवीत मका पुढे दिसला म्हणून मी नाक मुरडणार नाही.

आमच्या गावचे लोक मात्र या सगळ्या वादात एकाच वाक्याने निकाल देतात: भाकरी खाऊन आमची कुत्री ठणठणीत जगत. मलाही तसेच वाटते. अडचण एवढीच, की एक मोत्या गेला की पुढच्या पिल्लाचे नावही मोत्याच ठेवले जाई, आणि आमच्या आठवणीत तो एकच कुत्रा दाराशी बसून राहिला. त्यांतला कोणता किती वर्षे जगला, हे घरात कोणी मोजलेच नाही.