कार्ल्सरूहेत ऑक्टोबर: जर्मनीला शिकायला निघालेल्या नागपूरकर पोरांसाठी

गेल्या ऑक्टोबरात कार्ल्सरूहेला जाऊन आलो. नागपुरात अभियांत्रिकीच्या पोरांना शिकवतो, दरवर्षी शिफारसपत्रांचा गठ्ठा लिहितो. ती पोरं तिकडे जाऊन नेमकं काय करतात, ते एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. महिना मुद्दाम निवडला. जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत ज्याचं बस्तान बसतं त्याचंच पुढे नीट चालतं, असं आधी गेलेले सगळे सांगायचे. पाहून आल्यावर माझंही मत तेच झालं.

हे शहर नागपूरला अगदीच परकं नाही. युरोपीय संघाच्या शहर-सहकार्य कार्यक्रमात या दोघांची जोडी लावली गेली होती. 1715 साली वसलेलं, साधारण तीन लाख वस्तीचं गाव. राजवाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते निघतात आणि राजवाड्याला लागूनच केआयटीचं, म्हणजे कार्ल्सरूहे तंत्रज्ञान संस्थेचं, आवार आहे. आपली पोरं इथेच शिकतात. हर्ट्झ या शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या त्या इथेच, 1886 ते 1888 च्या दरम्यान. आमच्या पोरांना हर्ट्झ फक्त वारंवारतेच्या एककात भेटलेला असतो. त्याच्या गावात वर्षभर राहूनही काहींना हे माहीत नव्हतं.

प्रवास: नागपूरहून दोहामार्गे फ्रँकफर्ट सोयीचं पडतं, मुंबई-दिल्लीला सामान ओढत न्यावं लागत नाही. फ्रँकफर्ट विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे आणि तिथून कार्ल्सरूहे वेगवान गाडीने साधारण तासाभरावर. स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं किंवा पासपोर्टची रांग लांबली तर ते वाया जातं, म्हणून त्या दिवसापुरतं थोडं महाग, पण कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. रविवारी उतरू नका, 3 ऑक्टोबरलाही नाही. दुकानं बंद असतात आणि पहिल्या रात्री घरात ब्रेडसुद्धा नसतो.

सामानाबद्दल आयांना वाईट वाटेल, पण सांगतो. तूप, पेढे, खव्याची मिठाई, मटणाचं काहीही युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही. संत्रीसुद्धा नाहीत! ताज्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सावजीचा कोरडा मसाला खुशाल न्या.

आता कागदपत्रं. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून खरी ठरवल्याचा दाखला, लागतं. त्यासाठी गुणपत्रिका हव्यात, म्हणजे शेवटच्या सत्राचा निकाल आणि विद्यापीठाच्या खिडकीवरच्या चकरा आधीच हिशेबात धरा. पैशांचं म्हणाल, तर श्पेरकोंटो म्हणजे गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 हातात येतात. ही रक्कम बदलत असते, अर्ज करताना ताजी पाहा. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य नागपुरात, धरमपेठेत फार ऐकू येतं. कार्ल्सरूहे ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला 1,500 युरो फी आहे. कॉलेजच्या करारातून एका सत्रासाठी जाणाऱ्यांना ती लागत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांनी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

वसतिगृहाची खोली विद्यार्थीसेवा संस्थेकडे मागायची असते. तिची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र येईल त्याच दिवशी अर्ज करा, व्हिसाची वाट पाहू नका.

पोचल्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो आणि कार्यालयाची वेळ आधी घ्यावी लागते. ती नागपूरहूनच घेऊन ठेवा. दुसरं म्हणजे टपालपेटी. बँकेचा पिन, कर-क्रमांक, विम्याचं कार्ड, सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. हिंगण्याकडचा एक पोरगा महिनाभर बँकेच्या नावाने बोटं मोडत होता. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. मी तिथे असतानाच चिकटपट्टीने स्वतःचं नाव लावलं, पुढच्या आठवड्यात दोन पाकिटं आली.

मी दोन-तीन वर्गांत मागे बसून पाहिलं. हजेरी नाही. सेशनल नाही, सबमिशनची फाईल नाही. नागपूरच्या महाल भागातला एक विद्यार्थी पहिल्या सत्राबद्दल म्हणाला, "सर, इथं कोणी मागंच लागत नाही ना. मले वाटलं मज्जाच आहे." त्याची मजा फेब्रुवारीपर्यंत टिकली. बहुतेक विषयांत एकच परीक्षा आणि तिच्यावरच सगळे गुण. परीक्षेची नोंदणीही आपणच संगणकावर करायची. तारीख चुकली तर कोणी नोटीस लावत नाही. एटीकेटी नावाचा प्रकार नाही. केआयटीत लेखी परीक्षा एकदाच पुन्हा देता येते, तीही गेली तर तोंडी, आणि आवश्यक विषयात तीही गेली तर परीक्षेचा हक्कच जातो. मग तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आपल्याकडे बॅकलॉग घेऊन चौथ्या वर्षापर्यंत आलेल्यांनी हे दोनदा वाचावं. परीक्षा बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, व्याख्यानं संपल्यावर असतात. घरचे त्याला सुट्टी समजून लग्नाची तारीख धरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि 1.3 गुण म्हणजे उत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम पास, हेही सांगा.

आपली पोरं सगळ्यात जास्त काय वाया घालवतात? यूबुंगचा तास. व्याख्यानानंतर उदाहरणं सोडवून घेण्याचा वेगळा तास असतो, त्यालाही बहुधा हजेरी नसते, म्हणून जात नाहीत. परीक्षेतले प्रश्न कसे येतात ते तिथेच कळतं. त्यानंतर वाया जाते ती प्राध्यापकाची भेटीची वेळ. दारावर लिहिलेली असते, विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते, आणि आमची मुलं "सरांना कशाला त्रास" म्हणून फिरकत नाहीत. हा संकोच आम्हीच शिकवलाय, स्टाफरूमच्या दाराबाहेर उभं ठेवून ठेवून. तिथे न विचारणारा विद्यार्थी नम्र दिसत नाही, नुसता दिसतच नाही.

नोकरीचंही तसंच. दोन मुली भेटल्या, दोघी नागपूरच्याच, एकाच वर्गातल्या. एक सायकलवर जेवणाचे डबे पोचवायची. दुसरीने पहिल्याच महिन्यात तीन प्रयोगशाळांना नीट चार ओळींचं पत्र लिहिलं: कोण, कोणता विषय, काय येतं, आठवड्याला किती तास. दोघांनी उत्तरच दिलं नाही, तिसऱ्याने बोलावलं. तिला हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालं. ताशी पैशांत दोघींमध्ये फार फरक नाही, पण प्रबंधाचा विषय तिला तिथेच मिळणार होता. नियमही तिच्या बाजूचा आहे: बाहेरच्या कामाला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस ही मर्यादा, विद्यापीठातल्या सहायकाच्या कामाचे दिवस त्यात धरत नाहीत. डबे पोचवण्यात कमीपणा काही नाही, कर्जाचे हप्ते कोणाला चुकलेत! पण पत्र आधी लिहा, सायकल नंतर घ्या.

संध्याकाळी एका घरात सगळे जमले होते. पोळ्या, वांग्याची भाजी, क्रिकेट, नागपूरच्या गप्पा. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्या काहींची ती रोजचीच संध्याकाळ होती, आणि वर्षभरात एकही जर्मन घर आतून पाहिलेलं नव्हतं. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी दुसरीकडे घालवा. केआयटीत विद्यार्थ्यांचे गट भरपूर आहेत. का-रेसिंग नावाचा गट स्पर्धेसाठी रेसगाडी बनवतो. सत्राच्या सुरुवातीला असे गट नवी माणसं शोधत असतात, तेव्हाच दार ठोठवा. शिकवणं इंग्रजीत असलं तरी गटातल्या गप्पा जर्मनमध्येच चालतात. म्हणून नागपुरात जर्मनची निदान ए-2 पातळी करून जा. भाषा केंद्राचे वर्ग लवकर भरतात, नोंदणीची तारीख आधी पाहून ठेवा.

घरी फोन रोज केलाच पाहिजे असं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ मागे जातं आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आई मग मध्यरात्रीपर्यंत जागी राहते. रविवारी दुपार ठरवून टाका.

एका सत्रासाठी जाणाऱ्यांनी कोणते विषय इथे धरले जातील ते विभागप्रमुखांकडून जाण्याआधी लेखी घ्यावं, तोंडी होकार नको, कारण परत येईपर्यंत विभागप्रमुख बदललेले असू शकतात. प्रत्येक विषयाचा तिथला छापील तपशील, तास आणि श्रेयांकांसह, जपून आणा. निघताना पत्ता रद्द केल्याचा कागद घ्या आणि रेडिओ-दूरदर्शनची वर्गणीही बंद करा. ती घरटी महिन्याला 18.36 युरो असते, सोबत राहणाऱ्यांनी वाटून घ्यायची, आणि ज्याच्या नावावर आहे तो न सांगता गेला तर मागणीची पत्रं त्याच्याच नावाने येत राहतात.