गुलबक्षी पांढरी × लाल: गुलाबी आली, पण मधेच ही पांढरी कुठली?

गुलाबी उमलली! मे महिन्यात पांढऱ्या आईवर लाल बापाचा पराग घालून केलेल्या संकराची रोपं महालक्ष्म्यांच्या तोंडावर फुलायला लागली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉरेन्सने सांगितलं तस्संच: ना आईचा रंग, ना बापाचा. आणि लगेच त्याच ओळीत एक रोप पांढरंशुभ्र फुललं, मागोमाग दुसरं. आनंदावर विरजण.

पहिला संशय लाल बापावर: त्याच्यात पांढऱ्याचं जनुक लपलेलं असेल. पण ते गणित बसत नाही. वाटाण्याच्या जांभळ्या फुलाआड पांढऱ्याचं जनुक दडून बसू शकतं. गुलबक्षीत ती सोय नाही. लालमध्ये पांढऱ्याचा एक वाटा असता तर तो गुलाबीच दिसला असता. म्हणजे बाप सुटला. या पोरांत त्याचं काही उतरलेलंच नाही. आईने स्वतःचाच पराग घेतला.

गुलबक्षीची ही खोड तुम्हाला माहीत आहेच. रात्री पतंग फिरकला नाही तरी सकाळी मिटताना पुंकेसर (परागाच्या काड्या) आणि कुक्षीवृंत (पराग टिपणाऱ्या कुक्षीचा दांडा) स्प्रिंगसारखे एकमेकांत गुंडाळतात आणि स्वपरागण उरकतात. पण मी तर पुंकेसर आधीच काढतो, मग पराग आला कुठून? छडा लावायला काही कळ्यांचे पुंकेसर काढून, टोपी घालून त्या तशाच ठेवल्या, बाहेरचा पराग द्यायचाच नाही. बी धरायला नको. धरलं! म्हणजे गळती चिमट्याच्या आधीच होती. दुपारी चारची कळी चिरून मोबाईलच्या मॅक्रो लेन्सखाली धरली, तर परागकोश आतच तडकलेले, टपोरे कण कुक्षीला चिकटून बसलेले. पावसाळी हवेत ही गत, तर परभणीच्या मेमधल्या 42 अंशांत काय झालं असेल!

मग त्याच पद्धतीने सकाळी अकराच्या आत घेतलेल्या कळ्या. कोश घट्ट मिटलेले, पाचही सबंध निघतात. या कळ्यांपैकी एकीनेही बी धरलं नाही, सगळ्या वाळून गळाल्या. गळून पडलेल्या कळ्या बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. माझी आई मात्र म्हणते, ‘देवाला एक फूल ठेवू नको, झाड बोडकं करून टाक.’

हत्यारांबद्दल: भुवया कोरायचा चिमटा विसरा, टोक जाड असतं, कुक्षीवृंत तुटतो. घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तो घ्या. टोपीसाठी ज्यूसच्या डबीची कागदी नळी दवाने भिजून लोळागोळा होते. गव्हाची काडी बेस्ट: पेराच्या जरा वर कापली की एक तोंड आपोआप बंद. आणि ‘शुद्ध लाल’ म्हणून ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून निम्मी पिवळी निघाली. त्यापेक्षा गल्लीतल्या कुंपणाचं बी बरं, निदान झाड डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता दुसरी पिढी. 1:2:1 (एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी) पडताळायचं तर रोपं भरपूर हवीत, आणि एका फुलाला बी एकच. पण इथे तीच खोड कामाला येते: गुलाबीच्या कळीवर मलमलची पिशवी बांधली की बाकीचं ती स्वतःच करते. संकराच्या कळ्यांसाठी ब्रशने पराग फासायचा बेत होता, तो लिहिता लिहिताच बदलतोय. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोदँच्या गुलबक्षीवरच्या प्रयोगांवरून डार्विनचं मत होतं की एक परागकण पुरत नाही. मेंडेलने याच झाडावर एकेक कण ठेवून बी धरवलं आणि 1870 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेलीला पत्रातून तसं कळवलं. कण एवढा मोठा की भिंगाखाली सुईच्या टोकावर सहज उचलता येतो. मग ब्रश कशाला? एक कळी, एक कण.

उन्हाळी संकर बंद. पांढरीचे कंद उन्हाळ्यात कुंडीतच सावलीला ठेवीन, मृगात पुन्हा फुटतील. ठिपकेवाली कुणाकडे असेल तर चार बिया ठेवा माझ्यासाठी.